त्रेचाळीसचा गुन्हा

मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांत विझत जाणारा हिरवा जाळ ज्यानं लिहून ठेवला, त्या माणसाला मी वीस वर्षं संतच समजत होतो. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या पथारीवर ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ची कव्हर फाटलेली प्रत मिळाली होती. त्यातला डोंगरासारखा विचार करण्याविषयीचा तीन-चार पानांचा लेख किती जणांना मोठ्यानं वाचून दाखवला असेल, गणती नाही. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील आणि सगळे लांडगे संपले की शिकाऱ्यांचा स्वर्ग अवतरेल, अशा समजुतीत असलेला तरुण वनाधिकारी त्या नजरेपुढे खजील होतो. गोष्ट तिथं संपते, निदान माझ्यापुरती तरी संपत होती.

मग एकदा लेखाची तारीख पाहिली. १ एप्रिल १९४४. त्या दिवसांत विस्कॉन्सिन राज्यातले शिकारी या लेखाच्या लेखकाच्या, आल्डो लिओपोल्डच्या नावानं बोटं मोडत होते, आणि तेही हरिणींपायी. लिओपोल्ड यांची कागदपत्रं विस्कॉन्सिन विद्यापीठानं डिजिटल करून सर्वांना खुली केली आहेत. त्यांत शिरलो आणि पुढचे दोन पावसाळे त्यातच गेले. लांडगीण मागे पडली; हाती लागलं ते एक कडाक्याचं भांडण.

पूर्वपीठिका झटपट उरकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर विस्कॉन्सिनची पाइनची जंगलं लाकूडवाल्यांनी साफ केली. बंदुकांनी हरणंही जवळपास संपवली. १९१५ साली कायदा झाला की एका शिकाऱ्यानं हंगामात एकच हरीण मारायचं, आणि तेही नर. पुढे बरीच वर्षं हंगामही एकाआड एक बंद ठेवला गेला. इकडे तोडलेल्या जंगलावर कोवळं रान माजलं, हरणाला तेच हवं असतं. हरणं वाढली. हरिणीवर बंदूक रोखणारा तो हलकट, हे शिकाऱ्यांच्या दोन पिढ्यांच्या मनावर कोरलं गेलं. राज्याच्या ज्या संवर्धन खात्यानं ते कोरलं, त्याच खात्याच्या दारात पुढे हे भांडण येऊन बसणार होतं.

लिओपोल्ड तेव्हा मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक. १९३५ साली जर्मनीत जाऊन त्यांनी रांगेत लावलेलं स्प्रूसचं जंगल आणि त्यात चारा घालून पोसलेली हरणं पाहिली. जमिनीलगत हिरवं काही शिल्लक नाही. पुढच्याच वर्षी ते मेक्सिकोत रिओ गाविलानच्या काठी गेले. तिथं लांडगे होते, प्यूमा होते, हरणं होती, आणि डोंगर शाबूत होता. ही दोन चित्रं डोक्यात घेऊन ते विस्कॉन्सिनच्या हिवाळी ठाण्यांत उतरले.

हिवाळी ठाणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथं जन्मलं. बर्फ गुडघ्याच्या वर गेला की पांढऱ्या शेपटीची ही हरणं सीडरच्या दलदली जंगलांत गोळा होतात. वारा अडतो, बर्फ कमी असतो, तुडवून तुडवून पायवाटा पडतात. या वाटा सोडून ती फारशी बाहेर पडत नाहीत. सीडरचा पाला हे त्यांचं हिवाळ्याचं खरं अन्न. पहिली काही वर्षं तो पुरतो. मग तोंड पोचेल तिथपर्यंतचा पाला संपतो आणि अख्खं रान एका उंचीला दोरी लावून छाटल्यासारखं दिसायला लागतं. आपल्याकडे शेळ्यांच्या वाटेवरची बोर-बाभूळ अशीच दिसते. मागचे दोन पाय टेकून मोठा नर आणखी थोडं वरचं ओरबाडतो, हरिणीही काही मिळवते. पाडसाची मान पोचत नाही. मग उरतो बाल्सम फरचा पाला, ज्यानं पोट भरतं पण जीव जगत नाही. उपाशी हरणाच्या मांडीचं हाड फोडलं, तर आतली मज्जा पांढरी, घट्ट न दिसता लाल, लिबलिबीत निघते. मेलेलं जनावर उपासमारीनं गेलं की गोळीनं, हे सांगायला एवढं हाड पुरतं.

१९४२-४३चा हिवाळा फार कडक गेला. लिओपोल्ड अध्यक्ष असलेल्या नागरिकांच्या हरीण समितीनं बर्फ तुडवत ठाण्यांत जाऊन पाहिलं. बहुतेक मेलेली होती पाडसं. शिकाऱ्यांच्या संघटनांचं म्हणणं होतं, गवत घाला, पेंढ्या टाका. गवत घातलं होतंच. पोटात गवत गच्च भरलेलं आणि तरी मेलेलं असं हरीणही दिसत होतं. समितीनं अहवालात तीन गोष्टी मागितल्या: बिनशिंगी हरणं, म्हणजे हरिणी आणि पाडसं, मारायला परवानगी द्या, चारा घालणं थांबवा, लांडगा मारणाऱ्याला मिळणारं सरकारी बक्षीस बंद करा. एका झटक्यात प्रत्येकाच्या जिव्हाळ्याची एकेक गोष्ट दुखावली. माझ्या मते डावपेच म्हणून हा अहवाल फार वाईट होता. शास्त्र म्हणून त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं.

आणि वेळ कोणती? ‘बाम्बी’ पडद्यावर येऊन वर्षही झालं नव्हतं. फेलिक्स साल्टेनच्या मूळ कादंबरीत रो जातीचं युरोपी हरीण आहे. डिस्नेनं त्याचं पांढऱ्या शेपटीचं अमेरिकी हरीण केलं, म्हणजे नेमकं विस्कॉन्सिनचं. बाम्बीची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते आणि अख्खं थिएटर रडतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध बेलाच्या झाडावर बाण लावून बसतो आणि पाडसांना भेटून येते म्हणणारी हरिणी त्याला कायमचा विरघळवते. महाशिवरात्रीला ती पोथी ऐकत वाढलेल्या माणसाला मॅडिसनच्या प्राध्यापकानं ‘हरिणी मारा’ म्हटलं असतं, तर त्यानंही कानावर हात ठेवले असते.

जून १९४३मध्ये गव्हर्नर वॉल्टर गुडलँड यांनी लिओपोल्डना राज्याच्या संवर्धन आयोगावर नेमलं. म्हणजे आता ते नुसते सल्ला देणारे राहिले नाहीत. सहा जणांतलं एक मत त्यांचं. समितीचा आग्रह बिनशिंगी हरणांचा, शिकाऱ्यांना हवे नर. आयोगानं दोन्ही दिलं. चार दिवस फाटे फुटलेल्या शिंगांच्या नरांचे, तीन दिवस विश्रांती, मग चार दिवस बिनशिंगी हरणांचे. आदल्या वर्षी पंचेचाळीस हजारांच्या आसपास शिकार झाली होती. त्या आठ दिवसांत पडली सुमारे १ लाख २८ हजार हरणं. ६६ हजार नर, ६२ हजार बिनशिंगी. काही गावांभोवती हरीण दिसेनासं झालं, तर रस्त्यापासून दूरच्या ठाण्यांत एक बारही वाजला नाही. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांनी या हंगामाला नाव ठेवलं, ‘त्रेचाळीसचा गुन्हा’.

इथं माझा आवडता माणूस येतो. रॉय जॉर्गन्सन. इतिहासात त्याची जागा तळटिपेपुरती. लिओपोल्ड यांची चरित्रं लिहिणारे त्याला थोड्या तुच्छतेनंच भेटतात. ‘सेव्ह विस्कॉन्सिन्स डीअर’ नावाचं एक वर्तमानपत्रच त्यानं काढलं, विषय एकच आणि शत्रूही एकच. भाषा शिवराळ, मथळे किंचाळणारे. त्याचा मुख्य आरोप असा की लिओपोल्ड यांनी राज्यातल्या हरणांचा जो आकडा वापरला तो निव्वळ अंदाज आहे, आणि तसं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.

आरोपाचा सूर विषारी, पण मुद्दा खोटा नव्हता. पाच लाख हा आकडा अंदाजच होता. लिओपोल्ड ते लपवत नव्हते, पण शाळामास्तरानं ‘अंदाजे’ म्हणावं आणि सरकारी गॅझेटानं ‘अंदाजे’ म्हणावं यात फरक असतो. ज्याच्या घरात हिवाळाभर हरणाचं मांस पुरवून खातात, त्यानं रानात हरीण कमी पाहिलं तर तो त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार, प्राध्यापकाच्या अंदाजावर नाही. दोन्ही बाजू आपापल्या ठाण्यापुरतं खरं बोलत होत्या.

लिओपोल्ड यांचा दुसरा आधार होता कैबाबचा आलेख. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर १९०६ साली शिकारबंदी झाली, प्यूमा-लांडगे मारले गेले, हरणं बेसुमार वाढली आणि मग उपासमारीनं कोसळली, असा तो चढउतार. कैबाबची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर १९२४मध्ये जॉर्ज मॅककॉर्मिक नावाच्या इसमानं हरणांचा चक्क हाका घालायचं ठरवलं. हजारो हरणं हाकत दरीत उतरवायची, कोलोराडो नदी पोहून पलीकडे न्यायची, दर नगावर पैसे. घोडेस्वार आले, पायी नवाहो हाकारे आले, गुरांच्या गळ्यातल्या घंटा आणि पत्र्याचे डबे बडवत रांग निघाली. ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांचा बादशहा झेन ग्रेही हौसेनं हजर. बर्फाचं वादळ आलं, रांग फुटली, हरणं उलटी फिरून हाकाऱ्यांच्या मधूनच निसटली. पलीकडे पोचलेली हरणं: शून्य.

मुद्दा आलेखाचा. १९२४ साली तिथं तीस हजार हरणं होती असंही सांगणारे होते आणि एक लाख होती असंही. लिओपोल्ड यांच्या आलेखाचं शिखर एक लाखावर होतं. पुढे पाठ्यपुस्तकांनी तो डोळे मिटून छापला. १९७०मध्ये ग्रेम कॉली या परिसरशास्त्रज्ञानं मूळ नोंदी तपासून दाखवलं की या आकड्यांवर एवढी इमारत उभी राहत नाही. जॉर्गन्सन तोवर विस्मृतीत गेला होता. नाहीतर त्यानं एक विशेष अंक नक्की काढला असता.

आणि ती लांडगीण? हिरव्या जाळाचा लेखही सहजी आलेला नाही. अल्बर्ट हॉकबॉम हा त्यांचा जुना विद्यार्थी, कॅनडातल्या दलदलीत बदकांचा अभ्यास करणारा चित्रकार. त्यानं पत्रांतून पिच्छा पुरवला: तुम्ही इतरांच्या चुका लिहिता, लांडगे मारण्यात तुमचाही हात होता, ते लिहा. गुरूनं लिहिलं. आणि वर्षभरानं, १९४५ साली, लांडग्यांवरचं बंद झालेलं बक्षीस परत आणण्याच्या बाजूनं आयोगात मतही दिलं. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप मिटून ठेवला. पथारीवरच्या पुस्तकातला संत गेला. आयोगाच्या टेबलाशी बसलेला, शिव्या खाऊन दमलेला, काहीतरी पदरात पडावं म्हणून काहीतरी सोडणारा माणूस उरला. मला हा जास्त जवळचा वाटतो. बक्षीस १९५७पर्यंत चाललं. ते बंद होईस्तोवर विस्कॉन्सिनमधले लांडगे जवळजवळ संपले होते.

हे भांडण मिटलेलं नाही. २००२ साली मौंट होरेबजवळच्या हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ’ हा रोग सापडला आणि खात्यानं कळप कमी करण्यासाठी ‘आधी बिनशिंगी हरीण मारा, मग नराचा हक्क कमवा’ हा नियम जोरात राबवला. शिकारी इतके खवळले की २०११मध्ये विधिमंडळानं तो कायद्यानंच मोडीत काढला. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी टेक्ससहून हरणांचे अभ्यासक जेम्स क्रोल यांना बोलावलं. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘डीअर झार’ म्हटलं. मिनेसोटाकडून लांडगे परतले होतेच; उत्तरेत हरणं कमी झाली की आजही पहिलं बोट त्यांच्याकडे जातं, दुसरं मॅडिसनच्या सरकारी आकड्यांकडे. फेब्रुवारी २०२१मध्ये लांडग्यांचा हंगाम उघडला. शिकाऱ्यांच्या वाट्याला ११९ होते, तीन दिवसांच्या आत दोनशेहून जास्त मारले गेले.

लिओपोल्ड स्वतः धनुष्यबाणानं शिकार करत. धनुष्यं घरीच तासत. पत्नी एस्टेला धनुर्विद्येत राज्याची विजेती. यांचे नेम मात्र चुकायचे. २१ एप्रिल १९४८ला शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना हृदयविकारानं ते गेले, तेव्हाही आयोगावर होतेच. पुस्तक १९४९च्या शरदात बाहेर आलं. त्याच नोव्हेंबरात विस्कॉन्सिननं फक्त बिनशिंगी हरणांचा हंगाम जाहीर केला. पडली १ लाख ५९ हजार.