राजाबाई टॉवर आणि मुंबईची वेळ

घड्याळ वेळ दाखविते असे आपण सहज म्हणतो. परंतु ते कोणत्या ठिकाणची वेळ दाखविते, हा प्रश्न आज कोणाच्या मनात येत नाही. सबंध देशाची एकच प्रमाणवेळ असावी, हे आपणांस निसर्गनियमाइतके स्वाभाविक वाटते. वस्तुतः ही व्यवस्था अलीकडची असून मुंबई शहरात ती रुजण्यापूर्वी दीर्घकाळ वाद झाला. त्या वादाच्या एका टप्प्यावर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर हाच विवादाचा विषय झाला होता. या मनोऱ्याचा विचार बहुधा वास्तुशिल्पाच्या अंगाने केला जातो; येथे तो प्रामुख्याने कालमापनाच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम वास्तूविषयी थोडेसे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईच्या बाजारात संपत्तीचा पूर आला. त्या तेजीतील अग्रगण्य व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि त्याच वर्षी मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. पुढील वर्षी युद्ध संपताच बाजार कोसळला व खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. देणगीदाराची संपत्ती गेली, पण देणगी टिकली. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले.

आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. त्याने हिंदुस्थानात कधीही पाऊल ठेवले नव्हते. आणि मनोरा पुरा होण्यापूर्वी काही महिने, मार्च १८७८ मध्ये, तो निवर्तला. शैली गॉथिक असली तरी दगड कुर्ल्याचा आहे, आणि वरच्या भागावरील पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्ती मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याच्या कल्पकतेचे फळ होत. सुमारे २८० फूट उंचीचा हा मनोरा त्या काळी शहरातील सर्वांत उंच वास्तू होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते; अर्थात रेखावृत्ताच्या प्रत्येक अंशामागे स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई सुमारे ७२°५०′ पूर्व रेखांशावर आहे. म्हणून तिची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे येते. मद्रासची वेळ ५ तास २१ मिनिटे पुढे, म्हणजे मुंबईहून अर्धा तास पुढे होती. बैलगाडीच्या व शिडाच्या गलबताच्या युगात या फरकाची कोणास अडचण नव्हती. प्रत्येक गाव आपल्या माथ्यावरील सूर्य पाहून दुपारचे बारा मानीत असे. आगगाडी आणि तारायंत्र येताच मात्र एका वेळापत्रकासाठी एक वेळ ठरविणे अपरिहार्य झाले. मद्रासला वेधशाळा होती, आणि तेथील वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या वेळांच्या जवळजवळ मध्यावर पडत होती; म्हणून रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली.

तरीही रेल्वेस सोयीची वेळ ती नागरिकांचीही वेळ झालीच पाहिजे, हे ओघाने येत नाही. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे तेच हे) सरकारी व्यवहारात मद्रास वेळ लागू केली. शहरात तीव्र नाराजी उमटली. राजाबाई टॉवरचे घड्याळ कोणती वेळ दाखविणार, याला त्यामुळे विशेष महत्त्व आले. कारण खिशात घड्याळ नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने असे सार्वजनिक घड्याळ हेच वेळेचे प्रमाण होते. तबकड्या रात्री प्रकाशित करण्याचा खर्च घड्याळ मद्रास वेळ दाखवील तरच देऊ, अशी सरकारची भूमिका होती. प्रश्न विद्यापीठाच्या सिनेटपुढे मतास गेला आणि कौल मुंबईच्या वेळेच्या बाजूने पडला. सरकारचा तो प्रयत्न १८८३ पर्यंत मागे पडला.

राजाबाईंविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्या अंध व धर्मनिष्ठ जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे म्हणून त्यांना घंटानादाचा उपयोग होई, असे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावयाची. तथापि तीत एक मर्म आहे. भोजनाची ही मर्यादा घड्याळाने नव्हे, तर त्या स्थळाच्या सूर्याने ठरते. स्थानिक वेळेचा आग्रह धरणाऱ्यांना केवळ नाविन्यद्वेष्टे म्हणणे म्हणूनच न्याय्य नाही. त्यांच्या दिनक्रमास सूर्याचा आधार होता. आणि तो बदलताना नागरिकांस विचारावे की नाही, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचपुढे साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा तोच वाद पुन्हा उफाळला. नवी वेळ मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. गिरण्यांतील कामगारांना पूर्वीपेक्षा लवकर कामावर यावे लागणार होते. त्यांनी विरोध केला. नगरपालिकेनेही आपली घड्याळे जुन्या वेळेवर ठेवली. परिणामतः एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या, आणि भेट ठरविताना ‘मुंबई टाइम’ की ‘स्टँडर्ड टाइम’ हे स्पष्ट करणे आवश्यक झाले. या द्वैताचा शेवट स्वातंत्र्यानंतरच झाला.

तात्पर्य, प्रमाणवेळ ही खगोलशास्त्रावर आधारलेली असली तरी तिची निवड हा सामाजिक निर्णय असतो. कोणते रेखावृत्त प्रमाण मानावयाचे, हे सूर्य सांगत नाही. ते सत्ता, सोय आणि संमती यांच्या ओढाताणीतून ठरते. राजाबाई टॉवरचा २०१५ साली जीर्णोद्धार पूर्ण झाला, आणि २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा घटक म्हणून त्यास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याचे घड्याळ आता भारतीय प्रमाणवेळ दाखविते. मनोऱ्यावरून सूर्य मध्यान्हवृत्त ओलांडतो तो मात्र, वर्षाची सरासरी घेतल्यास, तबकडीवर बारा वाजून ३९ मिनिटे झाल्यावर.