क्रिसच्या पात्यावरचा पामोर: ओळख आणि उजळणी

जावा बेटावरच्या 'क्रिस' या कट्यारीच्या पात्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांची नक्षी दिसते. तिला 'पामोर' म्हणतात. ती कशी तयार होते, ओळखायची कशी आणि उजळायची कशी, हे आज आपण पाहू.

पहिली गोष्ट, पामोर रंगवलेला नसतो आणि कोरलेलाही नसतो. तो धातूच्या अंगातच असतो. तिथला लोहार, म्हणजे 'एंपू', साधं लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड तापवून, ठोकून एकजीव करतो आणि दुमडत जातो. दर दुमडीला थर दुप्पट होतात. पामोरचा एक थर घेऊन सहा वेळा दुमडलं, की झाले ६४! मग मधोमध पोलादाची पट्टी बसवतात. धार येते ती या पट्टीची.

थर पात्याच्या पृष्ठभागाला समांतर ठेवले, तर त्याला 'म्लुमाह' म्हणजे उताणा पामोर म्हणतात. 'बेरास वुताह', म्हणजे सांडलेले तांदूळ, ही नक्षी त्यातलीच. थर उभे बसवले तर 'मिरिंग'. 'अदेग'च्या लांब सरळ रेषा अशाच येतात.

निकेल कुठून यायचं? अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रंबाननजवळच्या उल्केचे तुकडे सुराकर्ताच्या राजवाड्यात आणले गेले आणि त्यातलं लोखंड क्रिससाठी वापरलं गेलं. पुढे कारखान्यातलं निकेलही आलं. त्यामुळे चकाकणारा प्रत्येक पामोर उल्केचा, असं समजू नये.

आता उजळणी. पातं नारळाच्या पाण्यात भिजवतात, मग लिंबाचा रस आणि आपल्या रिठ्याच्याच कुळातलं 'लेराक' लावून घासतात. गंज जातो आणि पातं पांढरट दिसू लागतं. नक्षी अजून फिकीच असते. मग लिंबाच्या रसात 'वारांगान' मिसळून लावतात. वारांगान म्हणजे आर्सेनिकचं खनिज. आपल्याकडच्या हरताळ, मनशीळ, सोमल यांच्या जातीतलं. त्यानं लोखंड काळं पडतं, निकेलचे थर मात्र रुपेरी राहतात. शेवटी धुऊन, वाळवून सुगंधी तेल लावतात. जावामध्ये हे सगळं मुख्यतः 'सुरो' महिन्यात होतं.

खरा पामोर ओळखायचा कसा? पात्यावरून हलकेच बोट फिरवा. लोखंड जास्त झिजतं, म्हणून जुन्या पात्यावर पामोरच्या रेषा किंचित वर आलेल्या जाणवतात. मग कडेला बघा. तिथे मधली पोलादी पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे थर वेगळे दिसायला हवेत. नुसत्या आम्लानं वर काढलेली नक्षी पृष्ठभागापुरतीच असते. घासली की जाते. खरी नक्षी घासल्यावर फिकी होते, पण पुन्हा वारांगान लावलं की परत येते.

इथे खरी अडचण आहे. दर धुण्यात थोडं लोखंड जातंच. वारंवार उजळलेली पाती कागदासारखी पातळ होतात, धार दातेरी होते. नक्षी दिसावी म्हणून पातंच गमवायचं का? शिवाय आर्सेनिक हे विष आहे. त्वचेला लागणं, वाफ नाकात जाणं, दोन्ही धोक्याचं. फेरिक क्लोराइडनं काम लवकर होतं, पण ते लोखंड खोल खातं आणि काळा रंगही तसा येत नाही.

तेव्हा आपल्या हाती जुनं पातं आलं, तर गंज वाढतोय का एवढंच आधी पाहावं. वाढत नसेल तर तेलाचा पातळ हात पुरे. वारांगानचं काम मात्र जाणकाराच्याच हाती द्यावं.