सनद, पदे आणि एक रफार

विशेष शिक्षकांची पदे निर्माण करा आणि ती भरा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला, आणि तो अनेक राज्यांच्या दफ्तरांत निवांत पडून असल्याचे पाहून मार्च २०२५ मध्ये मुदत घालून पुन्हा बजावला. दरम्यान २०२४ साली महाराष्ट्र शासनाने शाळांच्या समूहकेंद्रांच्या स्तरावर, एका केंद्रास एक याप्रमाणे, ४,८६० पदांना मंजुरी देऊन, वर्षानुवर्षे मानधनावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याची तजवीज केली. पदांची वार्ता आली की पदवीची चौकशी सुरू होते, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. त्यामुळे आजवर 'ते अपंगांच्या शाळेत शिकवायचे ना?' एवढ्या प्रश्नावर ज्या अभ्यासक्रमाची बोळवण होत असे, त्या बी. एड. विशेष शिक्षणाकडे आता नोकरीची हमी म्हणून पाहिले जाणार, हे उघड आहे.

सार्वजनिक विद्यापीठांत हे शिक्षण मिळण्याची ठिकाणे आपल्याकडे आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या आणि आज एस. एन. डी. टी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या महिला विद्यापीठाचा जुहूच्या आवारात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतील श्रवणदोषविषयक अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ दूरशिक्षणाने ही पदवी देत आले आहे. साध्या बी. एड.शी हिचा मुख्य भेद असा की हिच्यावर भारतीय पुनर्वास परिषदेचा अंमल चालतो. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव चढल्याखेरीज या क्षेत्रात व्यवसाय करणे हा १९९२ च्या कायद्याने गुन्हा ठरविला असून, त्यास एक वर्षापर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हजार रुपयांची जरब आज कोणाला वाटत असेल, हा भाग निराळा. शिवाय सनद एकदा मिळाली की काम संपले असे नाही. पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावयाचे तर चर्चासत्रे आणि कार्यशाळा यांच्या हजेरीतून शंभर गुण जमवावे लागतात.

प्रवेश, शुल्क आणि आरक्षण यांचा तपशील माहितीपत्रकांत सापडतो. तो येथे उतरविण्यात हशील नाही. विद्यार्थिनी या अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. दृष्टिदोष हा विषय घेतलेली मुलगी पहिल्या काही आठवड्यांत ब्रेल पाटी आणि स्टायलस घेऊन बसते, तेव्हा तिला उजवीकडून डावीकडे लिहावे लागते, कारण टोचलेले टिंब कागदाच्या पाठीमागे उमटते आणि कागद उलटल्यावरच ते डावीकडून वाचता येते. डोळस माणसाला ही उलटापालट अंगवळणी पडेपर्यंत कागदांची बरीच नासाडी होते. पण खरी मौज पुढे आहे. १९५१ मध्ये निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये छापील देवनागरीची बरीच वळणे नाहीशी होतात. ऱ्हस्व वेलांटी, जी छापील अक्षरात व्यंजनाच्या आधी उभी राहते आणि उच्चारात मागाहून येते, ती ब्रेलमध्ये उच्चाराच्याच क्रमाने व्यंजनानंतर येते. आणि 'र' कोठेही आला, रफार म्हणून आला की 'प्र'मधल्या तिरक्या रेघेच्या रूपाने आला, तरी तो १, २, ३ आणि ५ या चार टिंबांचाच राहतो.

आता शेजारच्या वर्गात, अध्ययन-अक्षमता हा विषय घेतलेल्या विद्यार्थिनीपुढे चौथीतल्या एखाद्या डोळस मुलाची वही ठेवा. त्याने 'वर्ग' हा शब्द 'वगर' असा लिहिला आहे. घाईत असलेला शिक्षक त्यावर लाल फुली मारून मोकळा होतो. विशेष शिक्षिकेने मात्र थांबून पाहावे अशी अपेक्षा असते, की मुलाच्या डोळ्याला आधी 'ग' दिसला, मग त्याच्या डोक्यावरची रेघ दिसली, आणि पाहिले त्या क्रमाने त्याने इमानाने उतरवून ठेवले. एकट्या 'र'ची आपल्या लिपीत केवढी सोंगे आहेत! 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'प्रकाश'मध्ये पायाशी लपतो, 'राष्ट्र'मध्ये निराळेच चिन्ह धारण करतो, आणि 'दर्या' व 'दऱ्या' या दोन शब्दांत तर त्याच्या रूपावरून समुद्र की डोंगरांमधल्या खोलगट जागा याचा निवाडा करावयाचा असतो. ज्या मुलाची बुद्धी शाबूत आहे पण वाचन अडखळते, त्याची मराठीतली ठोकर बहुधा येथे, किंवा 'घ-ध', 'भ-म' यांच्या साम्यात लागते. आणि आपल्या विद्यार्थिनीच्या हाती दिलेल्या पाश्चात्त्य ग्रंथांत पानोपानी काय असते, तर इंग्रजी 'बी' आणि 'डी' यांच्या अदलाबदलीची चर्चा.

या एका गोष्टीबद्दल मला तक्रार करावयाची आहे आणि ती विद्यापीठांकडेच करावयाची आहे, कारण खाजगी प्रशिक्षणवर्गांकडून तिच्या निवारणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मराठीतील वाचनदोष पारखण्याचे साधन अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषांत आहे. तथापि पारख झाल्यावर पुढे काय शिकवावे, कोणता जोडाक्षर-पाठ आधी आणि कोणता नंतर द्यावा, वैदर्भी किंवा अहिराणी बोलीत वाढलेल्या मुलाची चूक आणि खरा वाचनदोष यांतला भेद कसा ओळखावा, हे सांगणारे मराठी साहित्य या अभ्यासक्रमाच्या वाट्याला फार थोडे आले आहे. विद्यापीठात भाषाशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा विभाग एकाच छताखाली असू शकतो, विद्यार्थिनींच्या सरावपाठांच्या वह्यांतून दरवर्षी शेकडो मुलांच्या चुका आयत्या जमा होतात, आणि परीक्षा आटोपताच त्या वह्या रद्दीत जातात. हा अपव्यय मला कोणत्याही रिक्त पदाइतकाच गंभीर वाटतो.

उलट बाजू अशी मांडली जाते, की बहुविकलांगतेपासून स्वमग्नतेपर्यंत २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मोजले असताना, एका रफाराचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. एका केंद्रास एक या हिशेबाने नेमलेल्या शिक्षिकेला अनेक शाळा सांभाळाव्या लागणार. तिच्या वाट्याला श्रवणयंत्र लावणारे मूलही येईल आणि प्रमस्तिष्क घाताने व्हीलचेअरला खिळलेलेही, मग तिची स्वतःची सनद भले एकाच विषयातली असो. प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचित केले आहे, त्याच्याशी 'केंद्रामागे एक' हा हिशेब कसा जुळतो, हे मंजुरीचा कागद काढणाऱ्यांनीच सांगावे. तोवर दरवर्षी नव्या सनदा घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना निदान एवढे तरी आधीच सांगितले पाहिजे, की रुजू झाल्यावर हाती येणारा पहिला कागद मुलाच्या वहीचा नसून बहुधा यू-डायस या शालेय माहितीसंकलन प्रणालीच्या तक्त्याचा असेल, आणि तो भरून देण्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत असेल.