फक्त ढोल आणि बिगुल, आणि एकविसावं लागलं की बाहेर! कॅनडाच्या आजोबांना अजून विसरता न येणारी ‘ड्रम कोअर’ची गोष्ट

कॅनडा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बर्फ, आइस हॉकी, मेपलचं पान आणि तिकडे सेटल व्हायला निघालेला एखादा मावसभाऊ.

पण टोरंटोतल्या सत्तरी ओलांडलेल्या काही आजोबांना विचारलंत, तर ते वेगळंच काहीतरी सांगतील. उन्हाळ्यातली संध्याकाळ. फुटबॉलचं मैदान. कडक इस्त्रीच्या गणवेशात रांगेत उभी असलेली पोरं, ओठांना लावलेले पितळी बिगुल, गळ्यात अडकवलेले ड्रम. आणि त्यांच्या मधून हातात पॅड घेऊन फिरणारा एक परीक्षक, जो काठी अर्धा क्षण उशिरा पडली तरी मार्क कापायचा.

या प्रकाराला म्हणतात ‘ड्रम अँड बिगुल कोअर’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन अक्षरं जास्तीची आहेत, पण उच्चार ‘कोअर’ असाच. अर्थ दल, तुकडी.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आपलं ढोल-ताशा पथकच की! थोडंफार तसंच. गल्लीतली पोरं, महिनोन्‌महिने सराव, आपल्या पथकाचा कडवा अभिमान आणि शेजारच्या पथकाशी खुन्नस, हे सगळं तिकडेही होतं. फरक असा की इथे मिरवणुकीपेक्षा स्पर्धा मोठी. साधारण ११ ते १३ मिनिटांचा कार्यक्रम, तो वाजवताना मैदानावर सतत चालत आकृत्या करायच्या आणि शेवटी शंभरपैकी मार्क. वाद्यं दोनच जातींची, बिगुल आणि तालवाद्यं. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी असलं काहीही चालणार नाही. सोबत झेंडे आणि नकली रायफली घेऊन चालणारी ‘कलर गार्ड’.

हा छंद आला सैन्यातून. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी अशी पथकं उभी केली. कॅनडात ब्रिटिश वळणाचे, लष्करी तुकड्यांना जोडलेले ट्रम्पेट बँड होते. टोरंटो सिग्नल्स हा त्यातलाच, १९२६ पासूनचा. मग शाळा, चर्च, स्काउट, क्लब अशा प्रत्येकाने आपापली पथकं काढली. पोरं रस्त्यावर टवाळक्या करत फिरण्यापेक्षा ड्रम वाजवतील तर बरं, हा मोठ्यांचा साधा हिशेब. क्विबेकमध्ये तर फ्रेंच भाषेतली वेगळीच दुनिया होती. तिकडे बिगुलला ‘क्लेरों’ म्हणतात आणि पथकांचं वेड टोरंटोपेक्षा तसूभरही कमी नव्हतं.

जुन्या लोकांच्या बोलण्यात एक नाव हमखास येतं. प्रेस्टन स्काउट हाउस.

प्रेस्टन हे ऑन्टारियोतलं छोटं गाव, आता केंब्रिज शहराचा भाग आहे. तिथल्या स्काउटमास्तरने १९३८ साली हा बँड सुरू केला. मुलं स्काउटच्या वेषात, हाफ पँटमध्ये, आणि चालण्याची ढब अशी की एकदा बघितली की डोक्यातून जाणार नाही. प्रत्येक पावलाला गुडघा वर, अगदी कमरेच्या रेषेपर्यंत. बाकीची पथकं शिपायासारखी चालत असताना ही पोरं सारस पक्ष्यासारखी पावलं टाकत यायची आणि लोक वेडे व्हायचे. १९५० च्या दशकात परेडमध्ये त्यांची वाट बघितली जायची. साठच्या दशकात हा बँड थांबला, पण नाव थांबलं नाही. पुढे त्यातल्याच माजी मुलांनी एकत्र येऊन तो पुन्हा उभा केला आणि पिकल्या केसांनी तेच गुडघे पुन्हा वर उचलले. किती वर, हा प्रश्न आपण विचारू नये.

दुसरं नाव म्हणजे टोरंटो ऑप्टिमिस्ट्स. आपल्याकडे रोटरी, लायन्स क्लब असतात तसा तिकडे ऑप्टिमिस्ट क्लब. त्यांच्या पैशावर चालणारं हे पथक. १९५८ साली त्यांनी कॅनडाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. मग १९५९ ला जिंकलं. मग १९६० ला. असं करत १९६८ पर्यंत, सलग ११ वर्षं. पहिल्या विजयाच्या वर्षी जन्मलेलं पोर पाचवीत गेलं तरी चॅम्पियन तेच होते. विचार करा, वय २१ ची मर्यादा असल्यामुळे दरवर्षी सगळ्यात अनुभवी मुलं बाहेर पडायची आणि तरीही पथक हरत नव्हतं. १९६९ ला ही साखळी तुटली. तोडली कोणी? त्याच शहरातल्या दे ला साल ओकलंड्सने. हे एका कॅथलिक शाळेचं जुनं पथक. म्हणजे एकाच शहरात दोन महारथी. त्या वैराचे किस्से आजही रंगवून सांगितले जातात.

हे लोक एवढं काय आठवत बसतात, हे समजून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. एक म्हणजे ‘टिक’ आणि दुसरी म्हणजे खुद्द तो बिगुल.

आधी टिक. आज कुठल्याही रिॲलिटी शोमध्ये परीक्षक तुम्ही काय चांगलं केलं त्याचे मार्क देतात. तेव्हाच्या कोअरमध्ये उलटं होतं. सादरीकरणाच्या विभागात तुम्ही पूर्ण मार्क घेऊनच मैदानात उतरायचा आणि प्रत्येक चुकीला मार्काचा दहावा भाग कापला जायचा. एक पाय चुकला, टिक. रांग वाकडी झाली, टिक. ड्रमच्या दोन काठ्या एकत्र पडायच्या ऐवजी मागेपुढे पडल्या, टिक. परीक्षक लांब टेबलावर बसलेले नसायचे. ते मैदानातच, तुमच्या ड्रमपासून हातभर अंतरावर चालायचे आणि कागदावर पेन टेकवल्याचं पोराला दिसायचं. त्या काळी स्पर्धेआधी गणवेशाची तपासणीही व्हायची. पितळेला डाग, बुटाला धूळ, लागला मार्क.

सोळा वर्षांच्या पोरासाठी याचा अर्थ काय होता? तुमची एक चूक आणि अख्ख्या पथकाचा दहावा भाग गेला. स्पर्धा कित्येकदा त्याहून जरा जास्त फरकाने जिंकल्या-हरल्या जायच्या. जो तो आपली टिक आयुष्यभर लक्षात ठेवतो. विजेतेपदं किती हे विसरतील, पण अमुक साली तमुक वळणावर पाय कसा घसरला ते सांगतील. ही पद्धत क्रूर होती, असं माझं मत. पण तिच्यातून गेलेले बरेच जण ती गेल्याचीच हळहळ करतात. अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेने १९८४ पासून टिक बंद केली आणि तिथून ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ सुरू झालं ते आजतागायत.

आता बिगुल. आपल्या शाळेच्या संचलनात वाजतो तो साधा बिगुल आठवा. त्याला बटणं नसतात. नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे ओठ आवळून-सैल करून जे सूर निघतील तेवढेच. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, वरचा सा, ग आणि पुन्हा प. बास. एवढ्यावर सलामी होते, गाणं होत नाही.

मग त्याला एक पिस्टन बसवला. तोही आडवा, अंगठ्याने दाबायचा. तो दाबला की नळी लांब होते आणि खालच्या पंचमावर नवी मालिका सुरू होते. म्हणजे रे आणि नी हाताला लागले. तरी म आणि ध यांची बोंबच. पुढे दुसऱ्या हाताने फिरवायचा रोटर आला आणि आणखी काही सूर मिळाले. तोवर अरेंजरला गाणं निवडतानाच बघावं लागायचं की हे आपल्या बिगुलात बसतं का. बसत नसेल तर सूर वाकवायचा, चाल फिरवायची, अडचणीची जागा ड्रमवर ढकलायची. या अपुऱ्या वाद्यावर पोरांनी ब्रॉडवेची गाणी आणि जॅझ वाजवलं.

त्यात सगळे बिगुल एकाच, म्हणजे ‘जी’ स्वरात बांधलेले. सोप्रानो छोटा, बॅरिटोन मोठा, आणि साठच्या दशकात आलेला काँट्राबास तर खांद्यावर तोफ ठेवावी तसा. एवढं सगळं एकाच घडणीचं पितळ एकदम प्रेक्षकांकडे वळून फुंकलं की जो आवाज येतो तो ऑर्केस्ट्राचा नव्हे आणि साध्या बँडचाही नव्हे. थोडा बेसूर, थोडा कर्कश आणि छातीवर आदळणारा. तो एलपी रेकॉर्डवर पकडायचा उद्योगही झाला. अमेरिकेतली फ्लीटवूड नावाची कंपनी स्पर्धांची थेट रेकॉर्डिंग करून तबकड्या विकायची. कोअरची पोरं त्या झिजेपर्यंत ऐकायची.

१९७७ ला दोन पिस्टनना परवानगी मिळाली, १९९० ला तीन. आणि २००० साली ‘जी’चं बंधनच काढून टाकलं, कुठल्याही स्वरातलं पितळी वाद्य चालेल म्हणून सांगितलं. २००४ पासून मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर आले, २००९ पासून सिंथेसायझर. आजचं कोअर जास्त सुरेल आहे, जास्त अवघडही आहे, यात वाद नाही. पण तो जुना आवाज आता क्वचितच ऐकू येतो, कारण तो काढणारं वाद्य आता फारसं कोणी वापरत नाही.

हे सगळे नियम कोण ठरवत होतं? इथेच कॅनडाची खरी पंचाईत झाली.

१९७२ साली काही पथकांनी स्वतःची संघटना करून पहिली मोठी स्पर्धा घेतली, विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात. नाव ड्रम कोअर इंटरनॅशनल, सगळे ‘डीसीआय’ म्हणतात. आता राष्ट्रीय विजेतेपदापेक्षा तिथल्या अंतिम १२ जणांत येणं मोठं झालं. त्यासाठी शनिवार-रविवारच्या परेडवर भागत नव्हतं. अख्खा उन्हाळा बसमध्ये घालवायचा, अमेरिकाभर हिंडायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं. त्यात १९७३ पासून तेलाचे भाव भडकलेले. क्लबच्या देणग्यांवर आणि घरोघरी वस्तू विकून जमवलेल्या पैशांवर हे कसं झेपणार?

उपाय निघाला तो विलीनीकरणाचा. दे ला साल ओकलंड्स आणि एटोबिको क्रुसेडर्स एकत्र येऊन झाले ओकलंड क्रुसेडर्स. १९७५ चा हंगाम संपल्यावर टोरंटो ऑप्टिमिस्ट्स आणि सेनेका प्रिन्समेन एक होऊन झाले सेनेका ऑप्टिमिस्ट्स. कागदावर शहाणपणाचा निर्णय. दोन्ही नवी पथकं डीसीआयच्या अंतिम १२ मध्ये गेलीसुद्धा. पण काल ज्याच्या नावाने खडे फोडले त्याच्याच शेजारी आज उभं राहायचं, त्याचाच गणवेश घालायचा, हे १७ वर्षांच्या पोराला कसं वाटलं असेल? आपल्याकडे मानाच्या दोन मंडळांचा एकच गणपती करा म्हणून सांगून बघा. आणि एवढं करूनही ही जोडनावं फार टिकली नाहीत. सेनेका ऑप्टिमिस्ट्स तर सत्तरचं दशक संपता संपता मैदानातून गेले.

गंमत बघा. १९८१ आणि १९८२ ला डीसीआयची अंतिम स्पर्धा अमेरिकेबाहेर पडून चक्क कॅनडात आली, मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर. आणि सलग ११ वर्षं देश गाजवणारं टोरंटो ऑप्टिमिस्ट्स हे नाव तेव्हा यादीतच नव्हतं. पुढे किचनर-वॉटर्लूच्या ‘डच बॉय’ने १९९० ला बफेलोमध्ये बारावा नंबर काढून अंतिम फेरी गाठली. नंतरच्या काळात क्विबेकच्या ‘स्टेन्टर्स’सारखी पथकं धाकट्या गटात लढत राहिली. पण गल्लोगल्ली पथक, ही गोष्ट संपली होती.

आठवणींना साखर जास्त लागते, हेही सांगायला हवं. यातली कित्येक पथकं वर्षानुवर्षं फक्त मुलांची होती. मुलींनी वाजवायचं तर त्यांची वेगळी पथकं, जसं किचनर-वॉटर्लूचं ‘व्हेंचर्स’. जुलैच्या उन्हात जाड गणवेश घालून मैलोन्‌मैल परेड करणं हे फोटोत छान दिसतं, अंगावर नाही.

तरी २००० नंतर टोरंटोत एक वेगळीच गोष्ट घडली. ऑप्टिमिस्ट्सचे माजी वादक पुन्हा जमले आणि ‘ऑप्टिमिस्ट्स अलम्नाय’ नावाने वाजवू लागले. वयाची अट काढलेली. त्यात जुने प्रतिस्पर्धीही आले, ज्यांनी पोरवयात बिगुल कधी हातात धरला नव्हता असे लोकही आले आणि बायकाही आल्या. मैदानावरच्या आकृत्या फारशा नाहीत, कारण गुडघे. परेडमध्ये मात्र ते रांगेत उभे राहायचे, डावीकडून उजवीकडे ओळ सरळ आहे का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे आणि मगच बिगुल वर उचलायचे. पॅड घेतलेला परीक्षक आता कुठेच नव्हता.