उशिरा आलेले उत्तर

बेळगावातील आमच्या मराठी शाळेसाठी मी संगणकावर एक छोटा शब्दकोश तयार केला होता. चौकटीत शब्द लिहीत जावे, तसतसे खाली अर्थ दिसत जावेत, अशी सोय होती. एके दिवशी सातवीतील एका मुलीच्या वहीत वाचले : ‘वेळू म्हणजे समय, काळ.’ मी लाल रेघ मारली. ती म्हणाली, “सर, तुमच्या कोशातच तसं आहे.” आम्ही दोघांनी तपासून पाहिले. दोनदा ‘बांबू’ असे बरोबर उत्तर आले. तिसऱ्यांदा चौकटीत ‘वेळू’ आणि खाली ‘वेळ’चा अर्थ! चूक मुलीची नव्हती, माझी होती.

ब्राउझरमधील पानाची जावास्क्रिप्ट साधारणतः एकाच धाग्यावर चालते. म्हणजे एका वेळी एकच काम. वाचनालयात खिडकीवर एकच ग्रंथपाल आहे असे समजा. पुस्तक आणायला तो स्वतः आत गेला, तर रांग खोळंबेल. म्हणून तो शिपायाला चिठ्ठी देतो आणि पुढच्या वाचकाकडे वळतो. आणलेले पुस्तक टेबलावर येऊन पडते. हातातले काम संपले की ग्रंथपाल ते उचलतो. चिठ्ठी म्हणजे सर्व्हरला केलेली विनंती. हातातले काम संपताच टेबलावरचे पुढचे काम घेण्याच्या या व्यवस्थेला इव्हेंट लूप म्हणतात.

मात्र चार शिपाई चार चिठ्ठ्या घेऊन गेले, तर ते त्याच क्रमाने परततील याची हमी नसते. संगणकाच्या लेखी ‘वेळू’ हा शब्द चार चिन्हांचा आहे : व, एकाराची मात्रा, ळ आणि दीर्घ उकार. प्रत्येक चिन्हाबरोबर माझा कोश एक प्रश्न पाठवी. ‘वेळ’चे उत्तर कधी ‘वेळू’च्या नंतर पोहोचे आणि बरोबर अर्थ पुसून त्याच्या जागी बसे.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली प्रॉमिस आणि २०१७ साली असिंक-अवेट आले, तेव्हापासून अशी उत्तरे हाताळणे सोपे झाले. पण ‘अवेट’ लिहिले म्हणजे सारे थांबले, असा माझा समज होता. थांबते ते फक्त ते फंक्शन. तेवढ्यात वाचक पुढचे अक्षर लिहून मोकळा होतो.

उपाय साधा निघाला. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा. उत्तर आले की तो क्रमांक शेवटच्या प्रश्नाचाच आहे का, ते पाहायचे. नसेल तर उत्तर सोडून द्यायचे. लिहिणे क्षणभर थांबल्यावरच प्रश्न पाठवला, तर प्रश्नांची संख्या घटते. पण क्रम चुकण्याचा धोका संपत नाही. म्हणून क्रमांक हवाच.

हे दुरुस्त करताना आणखी एक दोष सापडला. उत्तर आले नाही, की माझा कोश ‘शब्द सापडला नाही’ असे सांगे. इंटरनेट बंद असले तरी तेच! शिवाय ‘फेच’ने विनंती केली असता सर्व्हरने ५०० क्रमांकाची चूक कळवली, तरी प्रॉमिस अयशस्वी ठरत नाही; उत्तराची स्थिती आपणच तपासावी लागते. ‘शब्द कोशात नाही’ आणि ‘कोशापर्यंत पोहोचता आले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमाभागातील मुलाला पहिले वाक्य चुकून दिसले, तर घरात ऐकलेला शब्द मराठीच नाही, असे त्याला वाटू शकते. आता कोश दोन वेगळी वाक्ये दाखवतो.

अशी साधने तयार करणाऱ्या शिक्षकांना एक सुचवतो. वेगवान जोडणीवर सारे ठीक दिसते. म्हणून ‘वेळ’चे उत्तर सर्व्हरवर मुद्दाम तीन सेकंद रोखावे आणि मग ‘वेळू’ लिहून पाहावे. मी ही चाचणी आधी घेतली असती, तर त्या वहीवर लाल रेघ पडली नसती.