कचऱ्याचा हिशोब: शहराची व्यवस्था टिकते कशी आणि कोसळते कुठे?

आजचा भाग कचऱ्यावर आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! "ओला-सुका वेगळा करा, शहर सुंदर ठेवा" असलं प्रवचन आज नाहीये. ते आपण शाळेपासून ऐकतोय. आजचा प्रश्न वेगळा आहे: एखाद्या शहराने कचऱ्याची नवी व्यवस्था उभी केली, तर ती पाच वर्षांनीही चालू राहावी म्हणून काय लागतं? कारण उद्घाटन सगळीकडे होतं. नव्या गाड्या येतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. आणि दोन वर्षांनी प्रकल्प बंद, गाड्यांचे टायर गेलेले, कचरा पुन्हा त्याच डोंगरावर.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला सगळीकडे पाइपलाइन दिसते. एका टोकाने काय आत येतं, मध्ये काय प्रक्रिया होते, दुसऱ्या टोकाने काय बाहेर पडतं. कचऱ्याकडे तसंच बघूया.

"डेपो" हा शब्दच सगळं सांगतो

आपण म्हणतो "कचरा डेपो". एसटीच्या डेपोत गाडी येते आणि परत बाहेर पडते. कचरा डेपोत मात्र फक्त आत येतं, बाहेर काहीच पडत नाही.

पुण्याचंच उदाहरण घ्या. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊन पडला. कचरा पुण्याचा, वास आणि माश्या गावाच्या. ओल्या कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं, विहिरी खराब होतात. २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. सुमारे तीन आठवडे हे आंदोलन चाललं, आणि शहरात कचऱ्याचे ढीग दिसायला लागले. म्हणजे "कचरा उचलला" याचा खरा अर्थ इतकी वर्षं "दुसऱ्याच्या दारात टाकला" एवढाच होता.

आग का लागते? ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन तयार होतो. मिथेन पेट घेतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. तोच ओला कचरा हवा खेळती ठेवून कुजवला तर खत होतं, आणि बंद टाकीत कुजवून मिथेन गोळा केला तर इंधन मिळतं. कचरा तोच, फरक फक्त व्यवस्थेचा.

२०१६ च्या नियमांनी काय सांगितलं?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये घनकचरा व्यवस्थापन नियम आणले. सोप्या भाषेत, त्या नियमांत चार मुख्य गोष्टी होत्या. एक, घरातच तीन भाग करायचे: ओला, सुका आणि घरगुती घातक, म्हणजे बॅटऱ्या, रंगाचे डबे, जुनी औषधं वगैरे. दोन, रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी हॉटेलं, कार्यालयं यांच्यावर वेगळी जबाबदारी. तीन, घरांकडून सेवाशुल्क घेता येईल. आणि चार, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं.

चौथा मुद्दा बहुतेक लोक विसरतात. माझ्या मते सगळी व्यवस्था त्याच्यावरच उभी आहे. कसं ते सांगतो.

पैसे कशाचे देताय, ते बघा

समजा पालिकेने ठेकेदाराला प्रतिटन वाहतुकीचे पैसे दिले. आता ठेकेदाराचा फायदा कशात? जास्त वजनात. ओला-सुका एकत्र, वर पावसाचं पाणी, थोडा राडारोडा, काटा वर गेला की बिल वर गेलं. कचरा कमी झाला तर त्याचं उत्पन्न कमी. मग तो तुम्हाला कशाला सांगेल, "ताई, वेगळा करून द्या"?

आमच्या क्षेत्रातही हेच होतं. कोडच्या ओळी मोजून पगार दिला तर ओळी वाढतात, काम वाढत नाही. जे मोजाल तेच मिळतं.

आता याच्या उलटं मॉडेल बघा. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव, आणि एसएनडीटी विद्यापीठात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांचा त्यात मोठा वाटा. कचरा वेचणाऱ्या बायका, ज्यांना लोक चोर समजून हाकलायचे, त्यांची ही संघटना. "आम्ही काम करतो, आम्हाला कामगार म्हणा" ही मागणी. पुढे याच संघटनेतून "स्वच्छ" ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. सभासद, ज्यात बहुसंख्य महिला, दारोदार जाऊन कचरा घेतात. त्यांचं उत्पन्न दोन ठिकाणांहून: घराकडून महिन्याचं शुल्क, आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून आलेले पैसे.

हे दुसरं उत्पन्न फार महत्त्वाचं आहे. कारण त्यामुळे वर्गीकरण करण्यात तिचा स्वतःचा फायदा होतो.

एक गणित मांडू

मनात एक गाव धरा, लोकसंख्या ५०,००० (सगळे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका).

माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरला तर दिवसाला २० टन. त्यातला ११ टन ओला, ७ टन सुका, उरलेला २ टन माती, सॅनिटरी कचरा वगैरे. घरं १२,५००. दोघांची एक जोडी २५० घरं करते असं धरलं तर ५० जोड्या, म्हणजे १०० माणसं.

घराला महिना ६० रुपये शुल्क. सगळ्यांनी दिलं तर साडेसात लाख, माणशी ७,५०० रुपये. आता भंगार. ७ टनांतला निम्मा, म्हणजे साडेतीन टन माल विकला गेला आणि सरासरी किलोला ८ रुपये मिळाले, तर दिवसाचे २८,००० रुपये. माणशी २८०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७,२८० रुपये. एकूण जवळपास १४,८०० रुपये.

आता वर्गीकरण काढून टाका. आमटी लागलेला कागद भंगारवाला घेत नाही. पुठ्ठा ओला झाला की भाव पडतो. विकला जाणारा माल समजा एक तृतीयांशावर आला. ७,२८० चे झाले साधारण २,४०० रुपये. म्हणजे आपण घरात दोन डबे ठेवले नाहीत, की समोरच्या माणसाच्या खिशातून महिन्याला पाच हजारांच्या आसपास रुपये जातात. वर ३० टक्के घरांनी शुल्क बुडवलं तर ७,५०० चे ५,२५० होतात. दोन्ही मिळून जेमतेम साडेसात हजार. अशा पैशात कोण काम करेल? माणसं काम सोडतात, फेऱ्या चुकतात, लोक कोपऱ्यावर कचरा टाकतात, आणि आपण म्हणतो "व्यवस्था फेल गेली".

व्यवस्था कोसळते ती अशी, हळूहळू.

ओल्या कचऱ्याची बाजू

रोजचा ११ टन ओला कचरा. त्याचं खत करायला खूप मोठं यंत्र लागतंच असं नाही. लांब ढीग लावा, अधूनमधून उलटा म्हणजे हवा मिळते, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवा. हिरवा कचरा जास्त असेल तर वाळका पालापाचोळा मिसळा. नीट चालू असलेल्या ढिगाचं आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं, त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं.

पण खत विकलं जायला हवं. महाराष्ट्रात शहरी कचऱ्याच्या खतासाठी "हरित महासिटी कंपोस्ट" हा सरकारी ब्रँड आहे. ब्रँड असला तरी शेतकरी पोतं उघडून बघतोच. त्यात काचेचा तुकडा निघाला की तो दुसऱ्यांदा येत नाही. पाय त्याचा कापणार असतो ना! म्हणजे पुन्हा गाडी त्याच ठिकाणी आली: घरातला डबा.

छोट्या गावाला हे जमतं याचा दाखला म्हणजे सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला. लोकसंख्या सुमारे १२,०००. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा अनेक प्रकारांत वेगळा व्हायला लागला, ओल्याचं खत आणि बायोगॅस, प्लास्टिकचा रस्त्यासाठी वापर. आणि जुना डेपो? तिथे बाग झाली, लोक बघायला जातात. शेवटच्या टोकाला फार काही उरतच नाही, मग डोंगर होणार कशाचा?

सुरुवात कुठून करायची?

क्रम महत्त्वाचा आहे. बऱ्याच ठिकाणी आधी लोकांना उपदेश होतो आणि गाडी मात्र एकाच कप्प्याची येते. लोक बघतात, "अहो, पुढे सगळं एकच करतात!" एकदा हा विश्वास गेला की परत आणायला फार वेळ लागतो. म्हणून:

१. आधी शेवटचं टोक तयार करा. खताची जागा आणि सुक्या कचऱ्याची शेड चालू असल्याशिवाय लोकांकडे दोन डबे मागू नका.

२. मग दोन कप्प्यांची गाडी किंवा ढकलगाडी, आणि ठरलेली वेळ. वेळ चुकली की कोपरा घाण होतो.

३. एकाच वॉर्डात सुरू करा. तीन महिने चालवा, अडचणी सोडवा, मग पुढचा वॉर्ड.

४. आधीपासून काम करणाऱ्या कचरावेचकांना पहिल्यांदा घ्या. ओळखपत्र, हातमोजे, आरोग्याची सोय. कुठलं प्लास्टिक विकलं जातं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

५. किती टन उचलला हे मोजू नका. किती टन डेपोवर गेला ते मोजा. तो आकडा दर महिन्याला खाली यायला हवा.

६. करार लांब मुदतीचा करा. पुण्यात "स्वच्छ"चा करारसुद्धा वेळोवेळी मुदतवाढीवर लटकला. उद्या काम आहे की नाही हे माहीत नसेल तर माणूस नवी गाडी कशाला घेईल?

आणि आपण?

एक गोष्ट आजच करता येईल. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांनी यासाठी मोहीमच चालवली. कारण ते पुडकं कोणीतरी हाताने उघडतं, आत काय आहे हे न कळता. एका ठिपक्याला दोन सेकंद लागतात. फुटलेल्या काचेचंही तसंच, वेगळी गुंडाळा आणि सांगून द्या.

दुसरी गोष्ट: तुमच्या नगरसेवकांना किंवा आरोग्य निरीक्षकांना एकच प्रश्न विचारा. "आपल्या वॉर्डाच्या ठेकेदाराला पैसे कशाचे मिळतात, वजनाचे की वर्गीकरणाचे?" उत्तर वजनाचे असेल, तर पुढच्या निविदेच्या आधी ते बदलायची मागणी करा. भिंतीवरच्या शंभर घोषणांपेक्षा निविदेतली ती एक ओळ जास्त काम करते.

आणि महिन्याचे ते साठ-सत्तर रुपये मागायला ताई दारात आल्या, तर "उद्या या" म्हणू नका. वरचं गणित आठवा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात कचऱ्याचं काय होतं ते नक्की कळवा, चांगलं आणि वाईट दोन्ही. भेटू पुढच्या भागात!