नसलेल्या रेणूची साखळी

व्हायनिल अल्कोहोलची बाटली कुठल्याही केमिकलवाल्याकडे मागून पाहा, मिळणार नाही. हा रेणू तयार होतो न होतो तोच त्यातला एक हायड्रोजन जागा बदलतो आणि हाती उरतं अ‍ॅसिटाल्डिहाइड. पण त्याच रेणूची साखळी, म्हणजे पॉलिव्हायनिल अल्कोहोल, पोत्यांनी विकली जाते. सुताच्या खळीत ती असते, कागदावरच्या लेपात असते, कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांतही असते. कडीच टिकत नसेल तर साखळी होते कशी? वाकड्या वाटेनं. आधी व्हायनिल अ‍ॅसिटेटची साखळी करायची आणि मग तिच्यावरचे अ‍ॅसिटेटचे गट काढून टाकायचे. व्हायनिल अ‍ॅसिटेटचा शोध 1912 साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी लावला, आणि 1924 मध्ये हेरमान आणि हेनल यांनी त्याच्या पॉलिमरपासून पॉलिव्हायनिल अल्कोहोल मिळवलं.

ही वाकडी वाट मी पुण्यातल्या एका पॉलिमर प्रयोगशाळेत जवळून पाहिली. तिथल्या संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न एका ओळीचा आहे: या साखळ्यांना फांद्या किती? व्हायनिल अ‍ॅसिटेटचं रॅडिकल फार उतावळं असतं. पुढचा मोनोमर जोडायचं सोडून ते कधी कधी शेजारच्या तयार साखळीवरच्या अ‍ॅसिटेटमधून हायड्रोजन ओढून घेतं. ज्या जागेवरून हायड्रोजन गेला तिथून नवी फांदी फुटते. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा पॉलिमर याच कुळातला. म्हणजे प्रश्न अगदीच पुस्तकी नाही.

उत्तर शोधण्याआधी मात्र सगळं निवडणं-धुणं. बाटलीतला मोनोमर बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून कंपनी त्यात हायड्रोक्विनोन घालते, ते आधी काढायचं. त्यासाठी मोनोमर ऊर्ध्वपातित करायचा. तो 72-73 अंशांना उकळतो आणि हूडची काच खाली असली तरी त्याचा गोडसर, नाकाला झोंबणारा वास येतोच. साखळी सुरू करणारं एआयबीएन मिथेनॉलमध्ये विरघळवून पुन्हा स्फटिकरूपात मिळवायचं, तेही फार न तापवता. कारण गरम झालं की ते नायट्रोजन सोडून फुटतं, आणि ते फुटायला हवं ते नंतर, नळीत.

मग ऑक्सिजन. वाढत्या साखळीच्या टोकाला ऑक्सिजन भेटला की ती तिथेच अडते. म्हणून मोनोमर भरलेली जाड काचेची नळी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना बुडवतात. आतलं सगळं गोठलं की व्हॅक्यूम पंपाने वरची हवा ओढून घेतात, कॉक बंद करतात आणि नळी वितळू देतात. वितळताना द्रवात अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. पुन्हा गोठवा, ओढा, वितळवा. निदान तीनदा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत. यात घाई चालत नाही. पंपासमोरचा सापळाही द्रव नायट्रोजनमध्येच असतो, आणि कुठे गळती असेल तर हवेतला ऑक्सिजन त्यात द्रव होऊन साचतो. फिकट निळा दिसतो तो. सेंद्रिय द्रावकाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्याला निळा रंग दिसला की काय करायचं हे पहिल्याच दिवशी पढवतात. मला ते योग्य वाटलं.

नळ्या 60 अंशांच्या तेलात सोडल्या की खरी रिअ‍ॅक्शन सुरू होते, आणि बघण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही. द्रव दाट होत जातो, तळाचा चुंबक अडखळतो. फार पुढे जाऊ दिलं तर साखळ्यांची टोकं त्या चिकट रसात एकमेकांना गाठू शकत नाहीत. वाढ थांबवणारं कुणी उरत नाही, वेग आणि उष्णता दोन्ही एकदम चढतात. म्हणून नळ्या वेगवेगळ्या वेळी काढून बर्फात टाकायच्या आणि कॉक उघडायचा. जी हवा इतक्या कष्टाने बाहेर ठेवली, तीच आता साखळ्या थांबवायला आत घ्यायची.

हेक्झेनमध्ये ओतल्यावर पॉलिमर खाली बसतो. भुकटी मात्र होत नाही, काचेच्या कांडीला च्युइंग गमसारखा लोंबतो. तीस अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आणि पुण्यात मेमध्ये खोलीच त्याहून तापलेली असते.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडला. मिथेनॉलमधल्या द्रावणात थोडा कॉस्टिक टाकला की काही मिनिटांत नितळ द्रवाचा थरथरता जेल होतो. अ‍ॅसिटेट गळतात आणि त्यांच्यामार्फत जोडलेल्या फांद्याही तुटतात. आता हा अल्कोहोल अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडने पुन्हा अ‍ॅसिटेट करायचा. हा उलटा प्रवास कशाला? तर रेणुभार मोजायच्या यंत्रातल्या टीएचएफ या द्रावकात अल्कोहोल विरघळत नाही, अ‍ॅसिटेट विरघळतं. यंत्रातल्या सच्छिद्र कॉलममधून मोठे रेणू आधी बाहेर पडतात, कारण छिद्रांत शिरून वेळ घालवायला त्यांना जागा नसते. पहिल्या आणि परतलेल्या अ‍ॅसिटेटचे आलेख एकावर एक ठेवायचे. दुसरा जितका उशिराकडे सरकला, तितक्या फांद्या तुटल्या.

हेरमान स्टाउडिंगर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1927 मध्ये याच दोन पॉलिमरांवर काम प्रसिद्ध केलं होतं. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंचा नुसता घोळका, असं तेव्हा अनेक जाणकार मानत. रासायनिक रूप बदललं तरी साखळी टिकते, हे दाखवणं हा स्टाउडिंगर यांच्या हातातला मोठा पुरावा ठरला. त्यांना नोबेल मिळालं 1953 मध्ये.

या पद्धतीला मर्यादा आहे. मुख्य साखळीच्या कार्बनवर थेट फुटलेल्या फांद्या कॉस्टिकने तुटत नाहीत, त्या आलेखात येत नाहीत. शिवाय मोनोमरमध्ये थोडं हायड्रोक्विनोन राहिलं किंवा नळीत थोडी हवा राहिली, तरी आलेख तितकाच देखणा येतो. तो चुकीचा असतो एवढंच. प्रबंधात हे सगळं काम ‘मोनोमर वापरण्यापूर्वी शुद्ध केला’ एवढ्या एका वाक्यात मावेल. परीक्षकांना विनंती आहे, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या वाक्यावर विचारा, आलेखावर नंतर या.